रॉबर्ट ओवेन : तासांच्या नोटा काढणारा गिरणीवाला

सहकाराच्या इतिहासात रॉबर्ट ओवेनचे नाव पहिल्याच पानावर येते. मला मात्र त्याच्या आयुष्यातील सर्वांत विचार करायला लावणारा भाग वाटतो तो त्याच्या अपयशाचा.

१४ मे १७७१ रोजी वेल्समधील न्यूटाउन या लहान गावी त्याचा जन्म झाला. वडील खोगिरे तयार करीत. दहाव्या वर्षी घर सोडून तो कापडाच्या दुकानात उमेदवारी करू लागला. पुढे मँचेस्टरच्या सूतगिरण्यांत नाव काढून १८०० साली त्याने स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्कच्या गिरणीचा कारभार हाती घेतला. दहा वर्षांखालील मुलांना त्याने कामावरून काढून शाळेत घातले. गिरणीच्या दुकानात चोख माल रास्त भावाने मिळू लागला व त्यातला नफा शाळेकडे वळला. अमेरिकेने कापसाची निर्यात रोखली, तेव्हा चार महिने यंत्रे थांबली. मजुरांचा पगार थांबला नाही.

१८१५ साली नेपोलियनची युद्धे संपली. शांतता आली, तिच्याबरोबर बेकारीही आली. वखारीत माल पडून आणि माणसे उपाशी, हे कोडे त्याला अस्वस्थ करीत होते. १८२० साली त्याने उत्तर मांडले : मूल्याचे खरे माप सोने नव्हे, माणसाचे श्रम होय. श्रमाची श्रमाशी सचोटीने अदलाबदल झाली, तर वर्गावर्गांतील वैर रक्तपाताशिवाय मिटेल, अशी त्याची श्रद्धा होती.

सप्टेंबर १८३२ मध्ये लंडनच्या ग्रेज इन रोडवर त्याने श्रम-विनिमय केंद्र उघडले. कारागिराने माल आणून द्यावा आणि तासांच्या नोटा घ्याव्यात. त्या नोटांवर दुसऱ्याचा माल न्यावा. हिशेब तासाला सहा पेन्सचा. समजा, जोड्याचे चामडे तीन शिलिंगांचे व मजुरी दोन शिलिंगांची. पाच शिलिंगांचे साठ पेन्स, म्हणजे नोट दहा तासांची.

इथेच मेख होती. चामड्याची किंमत बाजाराची आणि मजुरीचा दरही बाजाराचाच! ज्या बाजारातून सुटायचे होते, तोच मागच्या दाराने आत आला. शिवाय शिंप्या-चांभारांचा माल भरपूर, पण रोजच्या भाकरीचा पुरवठा तोकडा. हुशार व्यापारी स्वस्त पडलेला चांगला माल उचलून नेत; नको असलेला माल मागे उरे. १८३४ साली केंद्र बंद पडले.

तरीही हा सगळा खटाटोप व्यर्थ गेला असे मला वाटत नाही. १८४४ साली रॉचडेलच्या ज्या कारागिरांनी सहकारी दुकान काढले, त्यांत ओवेनचे अनुयायी होते. त्यांनी तासांच्या नोटा सोडल्या, पण चोख माल आणि रास्त व्यवहार ही न्यू लॅनार्कच्या दुकानाची रीत धरून ठेवली.

१७ नोव्हेंबर १८५८ रोजी ओवेन आपल्या जन्मगावीच वारला. नोटा गेल्या; प्रश्न राहिला. विणकराचा एक तास आणि वकिलाचा एक तास यांत जे अंतर आपण सहज मान्य करतो, ते कोणत्या न्यायाने? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने उत्तर पाठ करण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःला एकदा विचारावा.