काजूचा डबा आणि होमी भाभा

दिवाळीच्या सुट्टीनंतर आईने दिलेला काजूचा डबा तुम्ही हॉस्टेलच्या कपाटात ठेवता आणि विसरता. दोन महिन्यांनी उघडता, तर आत जाळी. अळ्यांनी पार्टी उरकलेली! याचा होमी भाभांशी काय संबंध? आहे, थांबा.

भाभांचा जन्म १९०९चा, मुंबईतल्या सुखवस्तू पारशी घरातला. १९२७ मध्ये वडिलांनी त्यांना केंब्रिजला पाठवलं, ते इंजिनीअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावं म्हणून. पोराला मात्र फिजिक्सचं वेड. (ओळखीची वाटतेय ना स्टोरी?) शेवटी घरात डील झाली. आधी इंजिनीअरिंगमध्ये फर्स्ट क्लास, मग हवं ते शीक. १९३० मध्ये त्यांनी फर्स्ट क्लास आणला आणि वडिलांनीही शब्द पाळला. १९३९ मध्ये ते सुट्टीवर भारतात आले, तेवढ्यात युद्ध पेटलं आणि ते इथलेच झाले.

१९५४ मध्ये त्यांनी ट्रॉम्बेला अणुऊर्जा केंद्र उभं केलं, १९५६ मध्ये तिथे 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली. हिरोशिमाला तेव्हा जेमतेम ११ वर्षं झाली होती. अणू म्हटलं की लोकांना बॉम्बच आठवायचा. बॉम्बचा पर्याय भाभांनीही पूर्ण सोडला नव्हता, हे खरंय. पण वीज, औषधं, शेती यांसाठी अणू वापरायचा, हा त्यांचा हट्ट होता. त्यांच्या या केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी पुढे गॅमा किरणांनी अन्न टिकवण्यावर वर्षानुवर्षं काम केलं.

काजू, बदाम, शेंगदाण्यांचं गणित नाजूक असतं. कोबाल्ट-६० मधून निघणारे किरण बंद खोक्यातून आरपार जातात आणि अळ्या-अंडी निकामी करतात. खोकं त्या कोबाल्टला शिवतही नाही, त्यामुळे काजू किरणोत्सारी होत नाहीत. पण त्यांत तेल भरपूर. मात्रा जास्त झाली, तर तेच तेल खवट होतं. म्हणून किडीसाठी मात्रा साधारण एक किलोग्रेच्या आतच ठेवतात. कीड मरते, चव राहते.

हे सगळं बाजारात आलेलं बघायला भाभा नव्हते. २४ जानेवारी १९६६ला व्हिएन्नाच्या बैठकीला जाताना त्यांचं विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलं. वय ५६. पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचं नाव दिलं गेलं. कांदा, बटाटा आणि मसाल्यांना या प्रक्रियेची परवानगी मिळायला १९९४ उजाडलं.

आणि हो, किरण दिलेल्या काजूंनाही पाकीट उघडलं की नवी कीड लागू शकते. झाकण तुम्हालाच लावायचंय.