'ट्रेझर आयलंड'चा लेखक तब्येतीसाठी सामोआला गेला आणि तिथल्या सरदारांनी त्याच्यासाठी रस्ता बांधला

कुबडीवर चालणारा एका पायाचा चाचा, त्याच्या खांद्यावरचा पोपट आणि खजिन्याची खूण असलेला नकाशा. सिनेमा, कार्टून, गेम, सगळीकडे दिसणारं हे चित्र एका पुस्तकातून आलं. १८८३ साली पुस्तकरूपात आलेलं 'ट्रेझर आयलंड'.

ते लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने तोवर नारळीची झाडं असलेलं एकही बेट पाहिलं नव्हतं. स्कॉटलंडमध्ये पाऊस थांबत नव्हता, घरात कंटाळलेला सावत्र मुलगा होता, त्याच्यासोबत बसून एक नकाशा काढला आणि त्यातून कादंबरी सुरू झाली.

पुढे तो खरोखरच एका बेटावर राहायला गेला. आयुष्याची शेवटची चार वर्षं त्याने तिथे काढली. पण हौस म्हणून तो गेला नव्हता. दुसरीकडे कुठेही त्याला धड श्वास घेता येत नव्हता.

स्टीव्हन्सनचा जन्म १३ नोव्हेंबर १८५० चा, एडिंबराचा. घराणं दीपगृह बांधणाऱ्यांचं. आजोबा, वडील, काका, सगळे इंजिनिअर. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरची कित्येक दीपगृहं या एका कुटुंबाने उभी केली. यालाही त्याच धंद्यात घालायचं ठरलं होतं, पण पोरगं लहानपणापासून आजारी. थंडी सुरू झाली की खोकला, ताप आणि अंथरूण. रात्र रात्र त्याची दाई उशाशी बसून गोष्टी सांगायची. पुढे त्याने लहान मुलांसाठीचा कवितासंग्रह याच दाईला अर्पण केला.

इंजिनिअरिंग सुटलं, मग वकिलीची सनद घेतली, तीही नुसती भिंतीवर राहिली. १८७६ मध्ये फ्रान्समध्ये त्याला फॅनी ऑसबोर्न भेटली. अमेरिकन, लग्न झालेली, नवऱ्याला कंटाळलेली, त्याच्यापेक्षा १० वर्षांनी मोठी. तिचा धाकटा मुलगा नुकताच आजारपणात गेला होता. ती अमेरिकेला परतल्यावर हा पठ्ठ्या घरी न सांगता बोटीत बसला आणि नंतर रेल्वेने अख्खी अमेरिका ओलांडून कॅलिफोर्नियाला पोहोचला. प्रवासानेच तो मरायला टेकला. तिचा घटस्फोट झाला आणि १८८० मध्ये दोघांनी लग्न केलं. तिची मुलगी बेल आणि मुलगा लॉइड ही आता त्याचीही मुलं झाली.

त्यानंतरची सात वर्षं म्हणजे नुसती हवापालट. स्वित्झर्लंडचे डोंगर झाले, दक्षिण फ्रान्स झालं, इंग्लंडचा किनारा झाला. खोकताना रक्त पडायचं आणि डॉक्टर बोलायलाही बंदी घालायचे. 'डॉक्टर जेकिल अँड मिस्टर हाइड' आणि 'किडनॅप्ड' ही जगभर गाजलेली पुस्तकं त्याने याच काळात लिहिली, त्यातलं बरंचसं अंथरुणात बसून.

तेव्हा सगळ्यांनी याला क्षय धरला होता. आज काही डॉक्टर म्हणतात की तो रक्तवाहिन्यांचा आनुवंशिक दोष असावा, कारण त्यात फुफ्फुसातूनही रक्त जातं आणि मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो. कुठल्याही आजाराचं नाव दिलं तरी तेव्हा त्यावर औषध नव्हतंच.

१८८७ मध्ये वडील वारले आणि त्याने देश सोडला तो कायमचा. पुढच्या वर्षी जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून एक बोट भाड्याने घेऊन कुटुंब प्रशांत महासागरात निघालं. सोबत त्याची साठीकडे झुकलेली आई मार्गारेटसुद्धा. ही बाई विधवेची पांढरी, कडक इस्त्रीची टोपी घालून बेटामागून बेटं फिरली आणि तिने मजेत सगळं सोसलं.

समुद्रावर एक नवल घडलं. स्टीव्हन्सन बरा होऊ लागला. पोहायला लागला, घोड्यावर बसायला लागला. हवाईला असताना तो मोलोकाईच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीतही जाऊन राहिला. रुग्णांची सेवा करणारे फादर डेमियन काही आठवड्यांपूर्वीच त्याच रोगाने गेले होते. स्टीव्हन्सन तिथल्या मुलींसोबत क्रोके खेळला आणि परतल्यावर त्यांच्यासाठी पियानो पाठवला.

डिसेंबर १८८९ मध्ये तो सामोआत पोहोचला. उपोलू बेटावरच्या अपिया बंदरापासून साधारण पाच किलोमीटर वर, डोंगराच्या कुशीत त्याने ३०० एकरांहून जास्त रान विकत घेतलं. नाव वाइलिमा. तोपर्यंत परत जायची आशा होती. पण १८९० मध्ये सिडनीला पोहोचताच पुन्हा रक्त पडलं, आणि कळून चुकलं की थंड हवेत गेलो तर मेलो. स्कॉटलंड आता फक्त कागदावर.

मग सुरू झाला वाइलिमाचा संसार.

कोकणातल्या माणसाला तिथलं वर्णन ओळखीचं वाटेल. धो धो पाऊस, अळू, केळी, नारळ, नीरफणस आणि काढून काढून न संपणारं रान. स्टीव्हन्सनला या तण काढण्याचं अक्षरशः वेड लागलं. सकाळी लिहायचं सोडून तो कोयता घेऊन रानात शिरायचा. फॅनी मळा बघायची, कोको लावायची. तिचा आत्मा शेतकऱ्याचा आहे, असं तो एकदा म्हणून गेला. त्याला ते कौतुक वाटलं असेल, पण तिला ते चांगलंच लागलं आणि तिने ते रोजनिशीत लिहून ठेवलं. स्वतःलाही कलावंत समजणाऱ्या बाईला ते टोचणारच.

घर मोठं होत गेलं. दुमजली, कॅलिफोर्नियातून आणलेल्या लाकडाच्या भिंतींचं आणि चक्क शेकोटीची चूल असलेलं. सामोआत शेकोटी! उबेपेक्षा ती स्कॉटलंडच्या आठवणीसाठी असणार. सणावाराला घरातले सामोअन गडी स्कॉटिश चौकड्यांच्या कापडाच्या लुंग्या नेसायचे. त्या लुंगीला तिकडे लावालावा म्हणतात.

या घरात कोण कोण राहायचं? बायको, आई, लॉइड, बेल, बेलचा चित्रकार नवरा जो आणि त्यांचा मुलगा ऑस्टिन. या सगळ्यांचं पोट एका माणसाच्या लेखणीवर. जावई तर दारू पिणारा, त्यात कोठारातल्या मालाची चोरी करताना सापडला. १८९२ मध्ये बेलने त्याच्याशी घटस्फोट घेतला. नातवाला इतिहास शिकवायचं काम आजोबांकडे आलं. हा ऑस्टिन पुढे अमेरिकेत नाटककार झाला.

बेल मग सावत्र वडिलांची लेखनिक झाली. लिहून लिहून स्टीव्हन्सनचा हात आखडायचा, म्हणून तो सांगायचा आणि ती लिहायची. एकदा रक्त पडल्यामुळे बोलायलाही बंदी आली. तेव्हा त्याने मूकबधिरांची बोटांची लिपी वापरून तिला कादंबरीचा मजकूर सांगितला. एकेक अक्षर, बोटांनी.

१८९३ साल सगळ्यात वाईट. आधी त्याला फ्लू झाला, मग फॅनीचं मानसिक संतुलन बिघडलं. तिला भास व्हायचे, ती घरातून पळून जाऊ बघायची. ज्या बाईने १३ वर्षं त्याच्या उशाशी काढली होती, तिच्या उशाशी आता तो आणि बेल आळीपाळीने बसायचे. तीही हळूहळू सावरली.

हे सगळं चालू असताना माणसाने गप्प घरात बसावं की नाही? पण स्टीव्हन्सन गावच्या भानगडीत पडला, आणि भानगड साधी नव्हती.

सामोआवर जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका या तिघांचा डोळा होता. मार्च १८८९ मध्ये तिघांच्या युद्धनौका अपियात एकमेकींवर तोफा रोखून उभ्या असताना चक्रीवादळ आलं. जर्मन आणि अमेरिकन जहाजं एकतर बुडाली किंवा खडकावर आदळली, फक्त ब्रिटिशांचं 'कॅलिओपी' निसटलं. त्याच वर्षी बर्लिनमध्ये तिघांनी करार केला आणि मालिएतोआ लाउपेपाला राजा ठरवलं. पण लोकांमध्ये माताआफा या दुसऱ्या सरदाराचं वजन मोठं होतं. कारभार बघायला युरोपातून अधिकारी आले. त्यांचे पगार भक्कम आणि काम यथातथाच.

स्टीव्हन्सनने लंडनच्या 'द टाइम्स'ला पत्रांवर पत्रं लिहून या अधिकाऱ्यांचे वाभाडे काढले. १८९२ मध्ये 'अ फूटनोट टू हिस्टरी' हे अख्खं पुस्तकच या प्रकरणावर लिहिलं. दोन सरदारांत समेट व्हावा म्हणून खटपट केली. त्याच वर्षी ब्रिटिश उच्चायुक्ताने एक नियम काढला. सामोआच्या सरकारविरुद्ध चिथावणी देणाऱ्या ब्रिटिश नागरिकाला शिक्षा होऊ शकेल, असा तो नियम. तो कोणावर रोखलेला आहे हे अपियात सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या कोणाला हद्दपार केलं असतं तर तो बोट पकडून घरी गेला असता. स्टीव्हन्सनला घरची हवा म्हणजे मरण. लंडनमध्ये बोंबाबोंब झाल्यावर तो नियम सौम्य झाला, पण तोपर्यंत महिनोन्महिने ही टांगती तलवार होती आणि तरी त्याची पत्रं थांबली नाहीत. पुस्तकांपेक्षाही या हट्टासाठी तो मोठा वाटतो.

तो काही संत नव्हता. सामोअन लोकांना तो आपल्या कुळातली लेकरं समजायचा आणि स्वतःला कुळप्रमुख. ३०० एकरांचा गोरा जमीनदार तोही होताच. पण त्यांच्या भांडणात त्यांची बाजू नीट ऐकून घेणारा गोरा माणूस त्या बंदरात दुर्मीळ होता.

गावाशी त्याचं नातं नुसतं राजकारणाचं नव्हतं. त्याची 'द बॉटल इम्प' ही कथा मिशनऱ्यांच्या मासिकात सामोअन भाषेत छापून आली. बाटलीत कैद असलेला सैतान मालकाला हवं ते देतो, अशी ती गोष्ट. एवढं मोठं घर, न मोजता येणारा पैसा, आणि हा माणूस तर नुसता बसून कागद खरडतो! म्हणजे ती बाटली याच्याकडेच असणार, असं पाहुण्यांना वाटायचं. सामोअन लोक त्याला तुसिताला म्हणायचे, म्हणजे गोष्टी सांगणारा.

आणखी एक किस्सा. अमेरिकन अधिकारी हेन्री आइड यांची मुलगी ॲनी नाताळच्या दिवशी जन्मलेली. त्यामुळे वाढदिवसाची वेगळी मजा तिला कधी मिळायची नाही. स्टीव्हन्सनने १८९१ मध्ये रीतसर कायदेशीर भाषेत दस्तऐवज करून आपला १३ नोव्हेंबरचा वाढदिवस तिला देऊन टाकला. तिने तो नीट साजरा केला नाही, तर हक्क अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडे जाईल अशी अटही घातली. वकिलीची सनद एवढ्या एका कामाला तरी आली.

जुलै १८९३ मध्ये शेवटी लढाई पेटलीच. माताआफा हरला आणि त्याला दूर मार्शल बेटांवर हद्दपार केलं. त्याच्या बाजूच्या सरदारांना अपियाच्या तुरुंगात टाकलं. पराभूतांकडे फिरकणं शहाणपणाचं नव्हतं. स्टीव्हन्सन मात्र कुटुंबाला घेऊन तुरुंगात जायचा. तंबाखू न्यायचा, कावाच्या मुळ्या न्यायचा. पाण्यात कालवून पितात ती कावा, सामोआत तिच्याशिवाय बैठक होत नाही. त्या वर्षाच्या अखेरीस कैद्यांनीच तुरुंगात त्याला मेजवानी दिली आणि भेटी देऊन परत पाठवलं.

१८९४ मध्ये सरदार सुटले. घरी जाऊन विश्रांती घेण्याऐवजी ते वाइलिमाला आले. मुख्य वाटेपासून स्टीव्हन्सनच्या घरापर्यंत चिखलाची पायवाट होती. तिथे आम्ही रस्ता बांधणार, मजुरी घेणार नाही आणि भेटवस्तूही घेणार नाही, असं त्यांनी सांगितलं. सामोआत सरदाराने रस्त्यावर कुदळ मारणं ही लहान गोष्ट नाही. ऑक्टोबरमध्ये रस्ता पूर्ण झाला. कडेला पाटी लावली, तिच्यावर बांधणाऱ्यांची नावं. रस्त्याचं नाव आला लोतो अलोफा, म्हणजे प्रेमळ हृदयाचा रस्ता. त्या दिवशी स्टीव्हन्सनने केलेल्या भाषणात आभार होतेच, पण इशाराही होता. आपली जमीन स्वतः कसा, रस्ते बांधा, नाहीतर बाहेरचे येऊन ती घेतील. त्यानंतर सहा वर्षांच्या आत जर्मनी आणि अमेरिकेने सामोआ आपसात वाटून घेतलं.

३ डिसेंबर १८९४. सकाळी त्याने 'वीर ऑफ हर्मिस्टन' या कादंबरीचं काम केलं. ती गोष्ट पुन्हा स्कॉटलंडचीच. दोन दिवस फॅनीच्या मनात काहीतरी वाईट घडणार अशी पाल चुकचुकत होती, म्हणून तिला हसवण्यासाठी तो तिच्याशी पत्ते खेळला. संध्याकाळी तळघरातून वाइनची बाटली आणली आणि ओसरीवर बसून तिच्यासोबत सॅलडला लागणारं मिश्रण घोटू लागला. अचानक दोन्ही हात डोक्याला लावले, माझा चेहरा विचित्र दिसतोय का असं तिला विचारलं आणि कोसळला. अपियाहून डॉक्टर आले, पण उपयोग नव्हता. मेंदूत रक्तस्राव झाला होता. रात्री आठ वाजून गेल्यावर तो गेला. वय ४४.

आयुष्यभर फुफ्फुसांची काळजी केली आणि घात केला मेंदूने.

रात्रभर सामोअन लोक विणलेल्या तलम चटया घेऊन येत राहिले आणि मृतदेहाशेजारी बसून राहिले. मागच्या वाएआ डोंगराच्या माथ्यावर पुरावं, ही त्याची इच्छा होती. पण वर जायला वाटच नव्हती. सरदारांना निरोप गेला. पहाटेपासून माणसं कोयते आणि कुऱ्हाडी घेऊन चढावरचं जंगल तोडत गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला खांद्यावरून वर नेलं. त्या डोंगरावर यापुढे कोणी बंदूक चालवायची नाही, पाखरांना तुसितालाजवळ निवांत गाऊ द्यायचं, असं सरदारांनी ठरवलं.

आई स्कॉटलंडला परत गेली. फॅनीने पुढे घर विकलं. ते जर्मन गव्हर्नरचं निवासस्थान झालं, नंतर न्यूझीलंडच्या प्रशासकांचं, आणि आता तिथे संग्रहालय आहे. फॅनी १९१४ मध्ये कॅलिफोर्नियात वारली. पुढच्या वर्षी बेलने तिची रक्षा सामोआला आणली आणि डोंगरावर त्याच्या शेजारी ठेवली.