चार्लीची आई

डोक्यावर गोल हॅट, हातात काठी आणि ती फेंगडी चाल! चार्ली चॅप्लिनला न ओळखणारा माणूस सापडणं कठीण. पण त्याचं बालपण आईच्या आजारपणाने किती वेळा मोडलं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

चार्लीचा जन्म १६ एप्रिल १८८९ चा. आई हॅना आणि वडील चार्ल्स, दोघेही लंडनच्या म्युझिक हॉलमध्ये गाणारे. वडील दारूच्या आहारी गेले आणि वेगळे राहू लागले. पुढे हॅनाचा आवाज बसला, कामं बंद झाली. मग ती शिवणकाम करून चार्ली आणि थोरल्या सिडनीला वाढवू लागली. तरीही खिडकीत बसून रस्त्यावरच्या माणसांच्या हुबेहूब नकला करायची. चार्लीची पहिली शाळा तीच.

पण तिची तब्येत ढासळली आणि १८९६ मध्ये तिघांनाही वर्कहाऊसची, म्हणजे निराधारांसाठीच्या सरकारी आश्रयाची पायरी चढावी लागली. आत गेलं की आई एकीकडे, मुलं दुसरीकडे. सात वर्षांच्या चार्लीला हॅनवेलच्या सरकारी शाळेत पाठवलं. सिडनी काही महिन्यांनी प्रशिक्षण जहाजावर गेला आणि चार्ली एकटा पडला. तिथे त्याला गजकर्ण झालं, तेव्हा डोक्याचं मुंडण करून आयोडीन लावलं. तो तिथे जवळजवळ दीड वर्ष राहिला.

१८९८ मध्ये पुन्हा तेच. त्या ऑगस्टमध्ये हॅनाने एक युक्ती केली. मुलांसह सुटका मागून घेतली, आणि सिडनीजवळच्या नऊ पेन्समध्ये चेरी, केक, चहा घेऊन तिघांनी केनिंग्टन पार्कमध्ये दिवस घालवला. कागदाचा बोळा करून चेंडू खेळले. संध्याकाळी परत वर्कहाऊस! पुढच्याच महिन्यात हॅनाला केन हिलच्या मनोरुग्णालयात हलवलं. आई आपल्याला मुद्दाम सोडून गेली, असंच त्या लहान जिवाला वाटलं.

१९०३ मध्ये तिला पुन्हा झटका आला. सिडनी समुद्रावर होता. चौदा वर्षांचा चार्ली तिला धरून चालत दवाखान्यात घेऊन गेला. आता तू कुठे राहणार, असं डॉक्टरांनी विचारल्यावर त्याने मावशीकडे राहीन म्हणून चक्क थाप मारली. कारण पुन्हा संस्थेत जायचं नव्हतं. सिडनी परत येईपर्यंत तो एकटाच दिवस काढत राहिला.

१९२१ साली त्याचा 'द किड' आला. अनाथाश्रमाची माणसं पोराला गाडीत घालून नेतात आणि चार्ली छपरांवरून धावत त्याच्या मागे जातो, तो प्रसंग आठवा. त्याच वर्षी त्याने आईला कॅलिफोर्नियाला आणलं. समुद्राजवळ घर, सोबतीला माणसं. १९२८ मध्ये ती गेली, तोवर तिला काही कमी पडू दिलं नाही.

मला वाटतं, त्या सरकारी व्यवस्थेने मुलांना छप्पर दिलं, जेवण दिलं, शाळाही दिली. ते नाकारता येणार नाही. पण आजारी आईला आणि मुलांना एकत्र ठेवून मदत करता आली असती का, हा प्रश्न तिने विचारलाच नाही. आजही आई किंवा बाबा आजारी पडले की आपण आधी मुलांना कुठे ठेवायचं ते बघतो. त्यांच्या मनाचं काय?

चार्ली गेला तो २५ डिसेंबर १९७७ रोजी, नाताळच्या दिवशी. यंदा गोठा सजवताना बाळ येशूच्या शेजारची मरिया बघून मला हॅनाचीही आठवण येईल.