मज्जातंतूंचा चित्रकार : सांतियागो रामोन काहाल

सिकंदराबादेस बेगमपेठेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांस डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू सापडले, हे आम्हां हैदराबादकरांस पाठ आहे. त्यापूर्वी सुमारे दोन तपे, क्यूबा बेटावर एक तरुण स्पॅनिश लष्करी डॉक्टर याच हिवतापाने खंगून मायदेशी परतला होता. तुटलेला मज्जातंतू पुन्हा कसा वाढतो, हे पुढे त्यानेच जगास दाखविले. त्या रामोन काहाल यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

काहाल यांचा जन्म १ मे १८५२ रोजी स्पेनमधील एका खेड्यात झाला. वडील शल्यवैद्य, मुलगा मात्र महाखोडकर. धडे सोडून चित्रे काढी. संतापून वडिलांनी त्यास काही काळ न्हाव्याच्या, मग जोडे शिवणाऱ्याच्या हाताखाली ठेविले. अखेर त्यांनीच त्याला हाडांची चित्रे काढावयास लावून शरीररचना शिकविली, आणि मुलाचे मन विद्येत रमले.

इटलीच्या गॉल्जी यांनी मज्जापेशी रंगविण्याची रीत शोधली होती. तिच्या साहाय्याने काहाल यांनी १८८८ साली, मज्जासंस्था हे अखंड जाळे नसून प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे, असा निष्कर्ष काढला. गॉल्जींना तो कधीच पटला नाही. तरी १९०६ साली नोबेल पारितोषिक दोघांत विभागून मिळाले!

मज्जातंतू तुटला की पलीकडचा भाग मरतो, हे वॉलर यांनी १८५० साली दाखविले होते. मग नवा धागा येतो कोठून? मेलेल्या तुकड्यातच तो तयार होतो, असे कित्येक विद्वान मानीत. काहाल यांनी प्राण्यांचे मज्जातंतू छेदून दिवसागणिक त्यांचे काप तपासले. जिवंत टोकास कोंब फुटतात, ते व्रण ओलांडून पलीकडच्या रिकाम्या नळ्यांत शिरतात, असे त्यांस दिसले. ही वाढ दिवसास सुमारे एक मिलिमीटर. म्हणून कोपरापाशी तुटलेल्या मज्जातंतूची संवेदना बोटांपर्यंत यावयास कित्येक महिने लागतात.

मेंदूत व पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत मात्र हे कोंब थोडे वाढून सुकतात. दोष बीजाचा की भूमीचा? काहाल यांचे शिष्य तेयो यांनी १९११ साली सशाच्या मेंदूत पायाच्या मज्जातंतूचा तुकडा बसविला; मेंदूचे धागे त्यात वाढू लागले! १९८०च्या सुमारास कॅनडात आग्वायो यांनी या निष्कर्षास बळकटी दिली. मज्जारज्जूच्या दुखापतीवर पूर्ण उपाय अद्याप सापडलेला नाही. शोध मात्र याच वाटेने चालू आहे.

१७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिद येथे काहाल निवर्तले. त्यांनी हाताने रेखाटलेली मज्जापेशींची चित्रे आजही अभ्यासिली जातात. ज्या छंदापायी वडिलांचा रोष ओढवला, त्याच छंदाने त्यांस विज्ञानात अमर केले. वर्गात मागे पडलेल्या आपल्या सोबत्यास नावे ठेवण्यापूर्वी, त्याच्या कोंबास योग्य भूमी मिळाली आहे का, एवढे आपण पाहावे, असे आम्हांस वाटते.