टेक्सासची ट्रकवाली लिली

ट्रक चालवणारी बाई रस्त्यात दिसली तर आजही आपल्याकडे माणसं मान वळवून बघतात. मग १९२९ साली, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, खाकी पँट-शर्ट, लेसचे उंच बूट, डोक्यावर मोठ्या काठाची काउबॉय हॅट आणि जवळ भरलेलं रिव्हॉल्व्हर अशा थाटात मालाने भरलेला ट्रक हाकणाऱ्या बाईकडे लोक कसे बघत असतील, कल्पना करा मैत्रिणींनो! ही बाई म्हणजे लिली ड्रेनन. टेक्सासमध्ये मालवाहू ट्रक चालवण्याचं सरकारी लायसन्स मिळवणारी पहिली स्त्री. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी तिला अगदी डोक्यावर घेतलं. पण मला तिच्या प्रसिद्धीपेक्षा तिच्या सुरुवातीच्या दिवसांचं जास्त कौतुक वाटतं, म्हणून आज तेच सविस्तर सांगते.

लिलीचा जन्म १८९७ सालचा, गॅल्व्हेस्टन या बंदराच्या गावचा. वाढली मात्र ती हेम्पस्टेडला. ह्यूस्टन शहरापासून साधारण ८० किलोमीटरवरचं हे छोटं गाव, कलिंगडांसाठी प्रसिद्ध. एके काळी तिथे इतक्या गोळीबाऱ्या व्हायच्या की लोक गावाला पिस्तुलांचं जंक्शनच म्हणायचे. शाळा पाचवीपर्यंत झाली आणि सुटली. लहानपणी स्कार्लेट फीवर नावाचा ताप आला, तो गेला पण जाताना कान अधू करून गेला. गंमत बघा, अशी कमी ऐकू येणारी मुलगी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नोकरीला लागली! पुढे लग्न झालं, मुलगा झाला, आणि चारचौघींसारखा संसार सुरू झाला.

आता थोडं तेलाबद्दल सांगायला हवं, नाहीतर ट्रकचं महत्त्व कळणार नाही. १९०१ च्या जानेवारीत टेक्सासमध्ये स्पिंडलटॉप नावाच्या टेकडीवर तेलाचं प्रचंड कारंजं उडालं आणि साऱ्या राज्याला तेलाचं वेड लागलं. आज इथे, उद्या तिथे विहिरी खणणं सुरू झालं. १९२० च्या दशकाच्या अखेरीस हेम्पस्टेडच्या जवळ, ब्राझोस नदीच्या परिसरातही तेल लागलं. तेलविहीर म्हणजे काही आपल्या शेतातली विहीर नाही. तिथे उंच मनोरा उभारायला लाकूड आणि लोखंड लागतं, वाफेचे बॉयलर लागतात, हजारो फूट पाइप लागतात, सिमेंट लागतं. हे सगळं रेल्वेने स्टेशनपर्यंत यायचं. पुढे काय? पुढे शेतातून, रानातून गाडीवाट. पूर्वी खेचरं आणि घोडे जुंपून हा माल ओढत. ट्रक आले आणि ज्याच्या दारात ट्रक त्याच्या हाताला काम, असं झालं.

लिली आणि तिचे यजमान विलार्ड ड्रेनन यांनी १९२८ साली हेम्पस्टेडमध्ये मालवाहतुकीचा धंदा सुरू केला. लिली तेव्हा तिशीची. धंदा चालवायचा तर गाडीवर बसणारं माणूस हवं, म्हणून ती स्वतःच बसली. सुरुवातीची गाडी होती फोर्डची मॉडेल टी, आणि तीही उघडी, म्हणजे ड्रायव्हरला ना काचा ना दारं. ऊन, पाऊस, धूळ, सगळं अंगावर.

आपल्यापैकी ज्या स्कूटर शिकल्या त्यांना पहिले आठ दिवस आठवत असतील. मॉडेल टीवर नव्याने बसणाऱ्याची परीक्षा त्याच्या कितीतरी पट कठीण होती. ती अनेकदा पुढे उभं राहून हँडल मारूनच सुरू करायची. हँडल उलटं फिरलं तर अंगठा किंवा मनगट मोडायचं, म्हणून अंगठा बाहेर न गुंडाळता बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हा पहिला धडा. पायाशी तीन पेडल, पण आजच्यासारखी नाहीत. डावं गिअरचं, मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. आणि वेग वाढवायचा तो पायाने नाही, तर स्टिअरिंगखालच्या दांडीने, हाताने! पेट्रोल पंपाने नव्हे तर उतारानेच टाकीतून इंजिनात उतरायचं. त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असेल आणि चढ मोठा असेल तर ते इंजिनापर्यंत पोचायचंच नाही. मग लोक गाडी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढायचे. ओझ्याने भरलेली गाडी उलटी डोंगरावर न्यायची म्हणजे काय, हे घाटातल्या ड्रायव्हरला विचारा!

हे झालं नुसतं चालवणं. तेलाच्या भागात त्यापुढचं शिकावं लागतं. पाइप गोल, ते घरंगळतात. साखळदंडाने आवळून बांधले नाहीत तर पहिल्याच खड्ड्यात ड्रायव्हरच्या पाठीत येतात. वजन मागे जास्त झालं की पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग ऐकत नाही. पाऊस पडला की टेक्सासच्या काळ्या आणि तांबड्या मातीचा असा चिखल होतो की चाकं आसापर्यंत रुततात. मग फळ्या घाला, साखळ्या बांधा, फावडं घ्या. वाटेत टायर फुटला तर खाली वाकून, आडवं होऊन दुरुस्ती स्वतःच करायची. लिलीच्या खाकी पँटची तेव्हा फार चर्चा व्हायची म्हणे. पण झगा घालून ट्रकखाली शिरता येत नाही, एवढी साधी गोष्ट बोलणाऱ्यांच्या लक्षात आली नसावी. आणि पिस्तूल? रात्री-अपरात्री सुनसान रस्त्यावर एकटी बाई आणि गाडीत माल. त्याची वेगळी कारणं शोधायची गरज नाही.

धंदा जेमतेम उभा राहतोय तोच १९२९ साली लिली आणि विलार्ड यांचा घटस्फोट झाला. ड्रेनन ट्रक लाइन ही कंपनी आता एकट्या लिलीची. नेमक्या त्याच वर्षी टेक्सास सरकारने मालवाहू ट्रकांसाठी नवे नियम आणले आणि ते राबवायचं काम रेल्वे कमिशनकडे दिलं. (रेल्वेचं ऑफिस ट्रकला लायसन्स कसं देतं, असं तुम्हाला वाटेल. टेक्सासमध्ये तेलविहिरींवरचं नियंत्रणही याच कमिशनकडे होतं आणि आजही आहे!) भाड्याने माल वाहायचा तर आता ड्रायव्हरचं लायसन्स हवं. लिलीने अर्ज केला.

आणि गाडी अडली. तपासणाऱ्यांनी तिच्या कानांवर बोट ठेवलं. जिला धड ऐकू येत नाही तिला भर रस्त्यावर ट्रक कसा चालवू द्यायचा? खरं सांगायचं तर प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. मागून येणाऱ्या गाडीचा भोंगा, रेल्वे फाटकावरची शिटी हे ऐकू यायला हवंच. पण मला राहून राहून वाटतं की हाच अर्ज एखाद्या बहिऱ्या पुरुषाचा असता तर टेबलापलीकडच्यांना हा प्रश्न एवढा मोठा वाटला असता का? बचत गटाच्या कामाने मी बायकांबरोबर कितीतरी खिडक्यांवर उभी राहिले आहे. कागद सगळे बरोबर असले तरी बाईला बघून एक जास्तीचा प्रश्न निघतोच.

लिली घरी परत गेली नाही. लिलीकडे पाचवीपर्यंतचं शिक्षण होतं, वकिलाची भाषा नव्हती, पण हिशेब पक्का होता. तोवर चालवलेल्या गाडीला अपघात नाही, हे तिने त्यांच्यापुढे ठेवलं, आणि माझ्यापेक्षा चांगला रेकॉर्ड असलेला पुरुष दाखवा, दाखवलात तर मी निमूट निघून जाते, अशा अर्थाचं सुनावलं. कुणी दाखवू शकलं नाही. लायसन्स मिळालं. ऐकण्यासाठी ती कानाचं यंत्र वापरायची आणि जे कानांनी निसटेल ते डोळ्यांनी पकडायची.

त्यानंतर वर्षभरातच, १९३० च्या ऑक्टोबरमध्ये, पूर्व टेक्सासात फार मोठं तेलक्षेत्र सापडलं. विहीर लागली ती डेझी ब्रॅडफर्ड नावाच्या विधवा शेतकरी बाईच्या जमिनीत, आणि विहिरीला नावही तिचंच. तेल इतकं निघालं की १९३१ साली पिंपाचा भाव काही सेंटांवर कोसळला. बाहेर मंदीने देश गांजला होता. अशा काळात भाड्याचा ट्रक चालू ठेवणं सोपं नव्हतं. मिळेल तो माल लिलीने वाहिला. तेलविहिरींचं सामान वाहिलं, कोल्ड्रिंकच्या बाटल्या वाहिल्या, स्फोटकंसुद्धा वाहिली. विहिरीच्या तळाचा खडक फोडायला तेव्हा स्फोटकं वापरत, आणि ती घेऊन खडबडीत रस्त्याने जाणं म्हणजे जीव मुठीत धरून जाणं.

एका ट्रकचे अनेक ट्रक झाले. ड्रायव्हर ठेवले, पण प्रत्येकाला गाडी शिकवायची ती लिलीनेच. तिचं शिकवणं म्हणजे शिव्यांचा पट्टा! वेळप्रसंगी ती बूट उगारायलाही कमी करायची नाही, असं सांगतात. हे मला आवडलं असं मी म्हणणार नाही. पण तिच्याकडची माणसं सुखरूप घरी पोचायची हेही खरं. रेल्वे कमिशनने आणि राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने तिला सुरक्षित वाहतुकीचे पुरस्कार दिले. तिच्या स्वतःच्या हातून जवळजवळ दोन तपं एकही मोठा अपघात झाला नाही.

दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि लष्कराला ट्रक चालवायला बायका हव्या होत्या. तेव्हा लष्कराच्या पुरवठा खात्याने या कामासाठी मुली पुढे याव्यात म्हणून लिलीचीच मदत घेतली. ज्या बाईला कधी एका खुर्चीने ट्रकवर बसू द्यायला का-कू केलं होतं, तिचं नाव घेऊन आता सरकार दुसऱ्या बायकांना बोलावत होतं. वर्तमानपत्रं तिच्या हॅटचे आणि पिस्तुलाचे फोटो छापायची.

१९५२ साली तिने ड्रेनन ट्रक लाइन विकली. १९७४ साली ती वारली तेव्हा टेक्सासच्या रस्त्यांवर मॉडेल टी फक्त हौशी लोकांच्या गाड्यांच्या मेळाव्यात दिसायची.