महालात शिकलेला कर्णधार

या स्मरणिकेत आपल्या सरांबद्दल आणि बाईंबद्दल बरेच जण लिहितील. मी ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ते आपल्या शाळेचे नव्हेत, पण महालाशी त्यांचं नातं आहे. चिटणीस पार्कात क्रिकेट खेळत मोठे झालेले आपल्या वर्गातले कितीतरी जण आहेत. भारताचा पहिला कसोटी कर्णधार महालातल्याच एका शाळेत शिकला, हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजेच सी. के. नायडू, यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ चा, नागपूरचा. घर तेलुगू, पण पक्कं नागपूरकर. आजोबा नारायणस्वामी नामांकित वकील होते. १८९१ साली नागपुरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्ष तेच होते. सी. के. त्या वेळी महालात असलेल्या हिस्लॉपमध्ये शिकले. १९१६ मध्ये मुंबईच्या स्पर्धेत हिंदू संघाकडून ते पहिल्यांदा खेळले आणि पहिल्या धावा त्यांनी षटकार मारूनच काढल्या. पुढे १९२३ मध्ये तुकोजीराव होळकरांनी त्यांना इंदूरला नेलं आणि आपल्या सैन्यात अधिकारी केलं.

१९२६ मध्ये एमसीसीचा संघ भारतात आला. मुंबईत त्या संघाविरुद्ध सी. के. यांनी सुमारे दोन तासांत १५३ धावा केल्या, त्यात ११ षटकार होते. आपले खेळाडूही बरोबरीनं खेळू शकतात, ही खात्री पटायला ती खेळी फार उपयोगी पडली. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला. कर्णधार म्हणून नेमले होते पोरबंदरचे महाराज. त्यांनी आपल्या खेळाची मर्यादा ओळखली, स्वतः बाजूला झाले आणि संघ सी. के. यांच्या हाती आला. हाताला दुखापत होऊनही पहिल्या डावात भारताकडून सर्वाधिक ४० धावा त्यांनीच केल्या.

चार वर्षांनी चित्र उलटं झालं. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यावर कर्णधारपद विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे गेलं. खेळाच्या बळावर नव्हे, वजनाच्या बळावर. संघात गट पडले आणि सी. के. यांना बरेच अपमान गिळावे लागले. ओव्हलच्या शेवटच्या कसोटीत चेंडू पोटात लागला, तरी खेळपट्टीवर उभं राहून त्यांनी ८१ धावा केल्या. ती त्यांची अखेरची कसोटी ठरली. उण्यापुऱ्या सात कसोट्या, त्यातल्या चारांत कर्णधार.

मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात वीसेक वर्षं काढली. जिथे आपण प्रकल्प उभा केला, तिथे वरची खुर्ची दुसऱ्याला मिळणं म्हणजे काय, हे मलाही एकदा कळलं. तेव्हा राजीनामा लिहून ठेवला होता. म्हणून मला सी. के. यांच्या षटकारांपेक्षा १९३६ नंतरची वर्षं मोठी वाटतात. ते रुसून घरी बसले नाहीत. होळकर संघ त्यांनी इतका तयार केला, की त्यानं चारदा रणजी करंडक जिंकला. धाकटे भाऊ सी. एस. याच संघात होते. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात त्यांनी तब्बल ९१७ चेंडू टाकले. कर्णधार थोरला भाऊ, पण सवलत नाही! शिस्तीला सगळे सारखेच. १९५६ मध्ये पद्मभूषण मिळालं, आणि १९५६-५७ च्या मोसमात, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी खेळत होते. शेवटच्या डावात त्यांनी ५२ धावा केल्या.

१४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरला ते गेले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९७७ मध्ये, त्यांची लेक चंद्रा क्रिकेटचं धावतं वर्णन करायला बसली. हे काम करणारी ती भारतातली पहिली स्त्री. पुढे वडिलांवर तिनं इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. क्रिकेटचं वेड या घरात मुलांपुरतं राहिलं नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आपली बॅच शाळेच्या वाचनालयाला पुस्तकांचं कपाट देणार आहे. त्यात चंद्राताईंचं हे पुस्तक असावं, अशी माझी सूचना आहे. मिळवून देण्याची जबाबदारी माझी.