डॉक्टर वू लिएन-तेह

इ. स. १८९७ मध्यें पुण्यांत प्लेगाची सांथ चालू होती, तेव्हां रोग्यांची शुश्रूषा करतांना सावित्रीबाई फुले त्याच रोगास बळी पडल्या. ती सांथ मुख्यतः पिसवांच्या दंशानें पसरणारी होती. श्वासावाटें पसरणाऱ्या प्लेगाशीं झुंजलेल्या एका डॉक्टरांचें चरित्र येथें देत आहों.

वू लिएन-तेह यांचा जन्म १८७९ सालीं मलायांतील पेनांग येथें एका चिनी सोनाराच्या घरीं झाला. केंब्रिज येथें वैद्यक शिकून ते पुढें चीनमध्यें गेले. १९१० च्या डिसेंबरांत मांचुरियांतील हार्बिन शहरीं सांथ भडकली असतां सरकारनें त्यांस तेथें धाडिलें. एका मृत स्त्रीचें शवच्छेदन करून त्यांनीं हा फुप्फुसाचा प्लेग असल्याचें ओळखिलें. रोग्याच्या खोकल्यांतील तुषारांनीं तो दुसऱ्यास जडतो, म्हणून जाळीदार कापडाच्या घडींत कापूस घालून त्यांनीं मुखपट्टी तयार करविली. मेनी नांवाच्या अनुभवी फ्रेंच डॉक्टरांनीं या तरुणाचें मत तुच्छ मानिलें. ते तोंड न झांकितां रोग्यांजवळ गेले आणि थोड्याच दिवसांत मरण पावले. तेव्हां लोकांचे डोळे उघडले. सुमारें ६०,००० माणसें दगावलीं. परंतु १९११ च्या मार्चांत हार्बिनमधील सांथ ओसरली. वू १९६० सालीं निवर्तले.

२०२० सालीं नारायणगांव व मंचरच्या बाजारांतही मुखपट्ट्या दिसल्या. पण कित्येकांच्या त्या हनुवटीवर लोंबत. विद्यार्थ्यांनो, पट्टी दाट पदरांची, नाकतोंड पूर्ण झांकणारी व कडांनीं घट्ट बसणारी असावी. ती बांधण्यांत भित्रेपणा नाहीं. शेजाऱ्याच्या जिवाची काळजी आहे.